लेबलवर सीओ३, पण गोळ्या मिलिमीटरभर: हा कार्बनी अशनी नेमका कोणत्या गटातला?

सड्यावरचा · १२ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यात एका उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. तीन वर्षांपूर्वी पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकून परदेशी विक्रेत्याकडून अशनीची एक चकती मागवली. वजन ११.४ ग्रॅम, जाडी साधारण तीन मिलिमीटर, एक बाजू घासून आरशासारखी केलेली. सोबतच्या टाइप केलेल्या चिठ्ठीवर 'कार्बनी कॉन्ड्राइट, सीओ३, वायव्य आफ्रिका' एवढंच होतं. (कॉन्ड्राइट म्हणजे कॉन्ड्रूल नावाच्या बारीक गोळ्या असलेला दगडी अशनी, सीओ हा त्यातला एक गट.) नोंदणी क्रमांक नव्हता. तेव्हा क्रमांकाचं महत्त्व मला माहीत नव्हतं.

दरवर्षी ही चकती मुलांच्या हातात देतो. याच्यातले पांढरे ठिपके ४५६ कोटी वर्षांपूर्वीचे, सूर्यमालेत घट्ट झालेल्या पहिल्या वस्तूंपैकी, असं सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो. त्या शांततेसाठीच तर हा खर्च केला होता.

गेल्या शुक्रवारी बारावीतल्या एका मुलीने चकती प्रयोगशाळेतल्या ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि तीस गोळ्यांचे व्यास मोजले. मग वही घेऊन माझ्याकडे आली. "सर, सीओ गटात कॉन्ड्रूल सरासरी ०.१५ मिलिमीटरचे असतात असं वाचलं. मी मोजलेला सगळ्यात लहानसुद्धा ०.३ आहे, बरेचसे एकच्या आसपास. मग चिठ्ठी चुकली की मी?"

मला उत्तर देता आलं नाही. तीन वर्षं मी चिठ्ठी वाचून दाखवत आलो, दगड वाचलाच नाही.

फोटो जोडला आहे. रंग गडद राखाडी. गोळ्या फिकट राखाडी, काही गोल तर काही चेपल्यासारख्या. पांढरे वेडेवाकडे तुकडे बरेच, सर्वांत मोठा ९ मिलिमीटरचा. भेगांतून तपकिरी डाग. दोऱ्याला टांगलेला लहान लोहचुंबक जवळ नेला की हलका ओढला जातो. हा दगड खरोखर कोणत्या गटातला हे आपल्याला घरबसल्या कितपत ठरवता येईल?

---

सूक्ष्मदर्शक_कुडचडे · १२ जुलै, रात्री ११.०५

मास्तर, आधी त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. चुकली असेल तर चिठ्ठी. मुलीने योग्य जागी बोट ठेवलं आहे.

माझी ओळख थोडक्यात: २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत सत्तावीस वर्षं मी लोहखनिजाचे घासलेले नमुने परावर्तित प्रकाशाखाली पाहत होतो. मॅग्नेटाइट किती, हेमाटाइट किती, गोएथाइट किती, हेच रोजचं काम. निवृत्तीनंतर अशनींचे थिन सेक्शन, म्हणजे उजेड आरपार जाईल इतके पातळ काप, पाहायला लागलो ते आजतागायत.

कार्बनी कॉन्ड्राइट म्हटलं की लोकांना वाटतं कोळशासारखा दगड. नावावर जाऊ नका. बऱ्याच गटांत कार्बन एक टक्क्याच्याही खाली असतो. गट ठरतो तो पोतावरून, खनिजांवरून आणि शेवटी ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून. पुस्तकात 'वयन' हा शब्द सापडेल, मी पोतच म्हणतो. पोत म्हणजे गोळ्या केवढ्या, गोळ्यांच्या मधल्या बारीक पिठाचा म्हणजे आधारकाचा वाटा किती, पांढरे तुकडे किती आणि कसले, धातू कुठे बसला आहे.

तुमच्याकडे फ्लॅटबेड स्कॅनर आहे का? घासलेली बाजू काचेवर ठेवून २४०० डीपीआयला स्कॅन करा. एक पिक्सेल साधारण ०.०१ मिलिमीटरचा पडतो. ०.१५ मिलिमीटरची गोळीसुद्धा चौदा पिक्सेलची दिसेल, म्हणजे सीओ असेल तर लपणार नाही. काच आणि दगड यांच्यात कागदाची बारीक पट्टी ठेवा म्हणजे ओरखडे उठणार नाहीत. तीस गोळ्या कमी पडतात, दोनशेच्या वर मोजा. आणि नजरेत भरणाऱ्या तेवढ्याच मोजायच्या नाहीत. चित्रावर चौकट आखा आणि चौकटीत येईल ती प्रत्येक गोळी मोजा. माणूस आपोआप मोठी आणि गोल गोळी आधी उचलतो.

---

फोंड्याची_तारका · १३ जुलै, सकाळी ७.२०

काकांच्या बोलण्यात एक भर घालते. चकती म्हणजे गोळ्यांचा आडवा काप, आणि काप दर वेळी मधोमध जात नाही. एकाच मापाच्या गोळ्या कशाही कापल्या तर दिसणारा सरासरी व्यास खऱ्याच्या ०.७८५ पट येतो. (π भागिले ४. सरांच्या वर्गाला हे समाकलनाने काढता येईल, फार सुंदर गणित आहे.) म्हणजे कापात १ मिलिमीटर दिसलं तर खरी गोळी थोडी मोठीच. मात्र पुस्तकांतले बहुतेक आकडेही कापांवरच मोजलेले आहेत, त्यामुळे तुलना कापाची कापाशी करायची आणि दुरुस्ती मध्ये आणायची नाही.

दुसरं, सर, पाऊस धो धो पडतोय आणि चकती कुठे आहे? हे मी फार कळकळीने विचारते आहे. गोव्यातल्या जुलैत दप्तराच्या चामड्यालाही बुरशी येते. अशनीला सर्वांत मोठा धोका दमटपणाचा. ऑर्गेय हा सीआय गटातला अशनी १४ मे १८६४ रोजी फ्रान्समध्ये पडला. त्याच्यात सल्फेटच्या पांढऱ्या शिरा आहेत आणि कित्येक दशकं लोक त्याला मूळ लघुग्रहावरच्या पाण्याची खूण समजत होते. पुढे लक्षात आलं की त्यांतला निदान बराचसा भाग संग्रहालयाच्या कपाटात, आपल्याच हवेतल्या बाष्पाने तयार झाला आहे. तुमचा दगड त्या गटातला नाही, पण त्यात धातू असेल तर गंजणारच. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, जेलचा रंग बदलला की तव्यावर कोरडं करून परत. आणि घनता काढायला म्हणून पाण्यात बुडवू नका.

---

सड्यावरचा · १३ जुलै, दुपारी १.१५

तारकाताई, चकती लाकडी कपाटात कापसात गुंडाळून होती. आजच डबा आणला. आमच्या रसायनशास्त्राच्या बाईंनी सिलिका जेल दिलं. आभार.

स्कॅनर कार्यालयात आहे, उद्या करतो. तोवर एक विचारू? हे सीओ, सीव्ही वगैरे गट आहेत तरी किती, आणि ते एकमेकांपासून वेगळे कसे ओळखायचे? मुलांना सांगण्याइतपत हवं आहे.

---

सूक्ष्मदर्शक_कुडचडे · १३ जुलै, रात्री १०.३०

सांगतो. पहिलं अक्षर 'सी' म्हणजे कार्बनी. दुसरं अक्षर त्या गटाच्या नमुनेदार अशनीच्या नावाचं. इवुना, मिघेई, ऑर्नां, विगारानो, करूंडा, रेनात्सो, बेनकबिन या गावांच्या नावांवरून सीआय, सीएम, सीओ, सीव्ही, सीके, सीआर, सीबी. सीएच मात्र गावावरून नाही. त्यातला 'एच' भरपूर धातूसाठी. या आठांत न बसणारेही असतात. कॅनडातल्या टॅगिश सरोवराच्या बर्फावर जानेवारी २००० मध्ये पडलेला तसाच, कुठल्याच गटाचा नाही.

मागचा आकडा वेगळं काहीतरी सांगतो. व्हॅन श्मुस आणि वुड यांनी १९६७ साली ही पट्टी आखली. ३ म्हणजे मूळच्या स्थितीच्या सर्वांत जवळचा. तिथून खाली २ आणि १ कडे गेलात तर पाण्याने बदललेला, वर ४, ५, ६ कडे गेलात तर उष्णतेने. म्हणजे हा जिना नाही, मध्यावरून दोन्ही बाजूंना जाणारी वाट आहे. मुलं इथे हमखास गोंधळतात, १ म्हणजे सर्वांत मूळचा असं समजतात.

आता सीआय: यात गोळ्याच नाहीत. पाण्याने इतकं सगळं पचवलं आहे की उरला तो मातीसारखा चिकण-खनिजांचा गोळा आणि त्यात मॅग्नेटाइटचे बारीक दाणे, कुठे कुठे रासबेरीसारखे घोसात. पण बिनवायू घटकांचं प्रमाण पाहिलं तर सूर्याच्या पृष्ठभागाशी सर्वांत जवळ जुळतं ते याचंच. हायाबुसा२ यानाने २०२० साली र्‍युगू लघुग्रहावरून आणलेली ५.४ ग्रॅम मातीही याच जातीची निघाली.

सीएममध्ये गोळ्या लहान, साधारण ०.३ मिलिमीटर, आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास आधारक. सर्पेंटीन कुळातली खनिजं, कॅल्साइट, आणि टोचिलिनाइट-क्रॉनस्टेडटाइटचे गुंतलेले पुंजके. हे पुंजके दिसले की सीएम. २८ सप्टेंबर १९६९ ला ऑस्ट्रेलियात पडलेला मर्चिसन हा यातला सर्वांत गाजलेला. आपल्याकडचा म्हणाल तर जयपूरजवळ मुकुंदपुऱ्यात ६ जून २०१७ च्या पहाटे शेतात पडला तो. तोही सीएम२.

सीओ: अगदी बारीक गोळ्या, दाटीवाटीने. त्याचा काप दुरून पाहिला तर रव्यासारखा दिसतो. सीव्ही: मोठ्या गोळ्या, मोठे पांढरे तुकडे, दोन्ही मोकळे मोकळे. सीआर: गोळ्या ०.७ च्या आसपास आणि त्यांच्याभोवती धातूच्या माळा. एकदा पाहिलं की विसरत नाही. सीएच आणि सीबी तर धातूनेच भरलेले.

मास्तर, फोटो पाहून मी सीओ तिथल्या तिथे बाद केला आहे. पण मी सांगतो म्हणून नको. आकडे येऊ द्या.

---

केपेकर · १४ जुलै, सकाळी ९.०५

मध्येच विचारतो, रागावू नका. माझ्या आजोबांनी खाणीच्या बाजूला सापडलेला एक काळा गोटा जपून ठेवला होता. घरात सगळे त्याला आकाशातून पडलेला म्हणतात. चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाखाली, ठेवायचो. जड आहे, चुंबकाला थोडा चिकटतो, आणि फोडलेल्या बाजूला चक्क गोल गोल दाणे आहेत, तुम्ही कॉन्ड्रूल म्हणता तसेच. फोटो देतो. हा कार्बनी असू शकेल का?

---

सूक्ष्मदर्शक_कुडचडे · १४ जुलै, सकाळी ११.४०

केपेकर, रागावण्याचा प्रश्नच नाही. असा गोटा घेऊन निदान चाळीस माणसं माझ्या घरी येऊन गेली आहेत आणि प्रत्येकाशी बोलताना मला आनंदच झाला आहे.

एक करा. बिनचकाकीची फरशी घ्या, टाइलची मागची बाजू चालेल, आणि त्यावर गोटा जोरात घासा. लालसर तपकिरी रेघ उमटली तर हेमाटाइट, पिवळट तपकिरी उमटली तर गोएथाइट. ताज्या अशनीची रेघ उमटत नाही, उमटली तर फिकट राखाडी.

आता तुमचे दाणे. हे फार महत्त्वाचं, आणि गोव्यात राहणाऱ्याने शिकावंच असं. आपल्या जांभ्यात वाटाण्याएवढ्या, ज्वारीएवढ्या गोळ्या असतात. त्यांना पिसोलाइट म्हणतात. त्या जमिनीत, पाण्यातून लोह साचत साचत, थरावर थर चढून वाढतात. मधोमध कापली तर कांद्यासारख्या चकल्या दिसतात. कॉन्ड्रूल तसा नसतो. तो एके काळी अवकाशात तरंगणारा वितळलेला थेंब होता, काही तासांत किंवा त्याहून कमी वेळात थिजलेला. त्याच्या पोटात चकल्या नाहीत, स्फटिक आहेत. ऑलिव्हीन नावाच्या सिलिकेट खनिजाचे सुबक कोपऱ्यांचे दाणे आणि त्यांच्या मधे काच. एखाद्यात ऑलिव्हीनच्या समांतर पट्ट्या, जाळीच्या खिडकीसारख्या. एखाद्यात पायरोक्सीनचा पंखा. गोल दिसतं म्हणून दोघांना एक समजायचं नाही, एक थरांनी वाढला, दुसरा थेंबातून थिजला.

तुमच्या फोटोत मला चकल्या दिसतात. गोटा जपा. त्याची गोष्ट लोहखनिजाची आहे आणि तीही लहान नाही.

---

केपेकर · १४ जुलै, सायंकाळी ६.३०

रेघ लाल आली काका. आईला सांगितलं. ती म्हणाली, आपल्या भुईतला आहे ना, मग माटोळीखालीच राहील. देव बरें करूं.

---

सड्यावरचा · १६ जुलै, रात्री ८.५०

आकडे आले. मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी मिळून मोजले, मी फक्त स्कॅन केला.

चार चौकटींत २१२ गोळ्या. सरासरी व्यास ०.८३ मिलिमीटर, सर्वांत लहान ०.२१, सर्वांत मोठी ३.४. आधारकासाठी चित्रावर जाळी टाकून ४०० बिंदू घेतले आणि प्रत्येक बिंदूखाली काय आहे ते लिहिलं. आधारक १५३ बिंदू म्हणजे ३८ टक्के, पांढरे तुकडे ३१ बिंदू म्हणजे जवळजवळ ८ टक्के, बाकी गोळ्या आणि त्यांचे तुकडे. चकाकणारा धातू फक्त ३ बिंदू. तपकिरी गंज ९ बिंदू. जाळीच्या बिंदूंची चूक किती धरायची हेही मुलींनी काढलं: आधारकासाठी साधारण अडीच टक्के इकडे तिकडे.

त्यांतली एक म्हणाली, "सर, एकाच दगडाचे चार जणींनी चार आकडे काढले असते तरी सीओ आलं नसतं."

---

फोंड्याची_तारका · १६ जुलै, रात्री १०.१५

वा! हे वाचून दिवस चांगला गेला.

०.८३ मिलिमीटर, ३८ टक्के आधारक, ८ टक्के पांढरे तुकडे. सीओ गेला, सीएम गेला. धातूच्या माळा नाहीत म्हणून सीआर गेला. उरले सीव्ही आणि सीके. या दोघांत गोळ्यांच्या मापावरून निवाडा होत नाही, मापं जवळजवळ सारखीच. काही अभ्यासकांनी तर दोन्ही एकाच मूळ पिंडाचे, कमीजास्त तापलेले भाग असावेत असं मांडलं आहे. इतरांना ते मान्य नाही.

म्हणून इथून पुढे खनिजं. सीके बहुतेक तापून एकसारखा झालेला असतो. ऑलिव्हीनमध्ये लोहाचं प्रमाण दाण्यागणिक बदलत नाही, फायालाइट, म्हणजे ऑलिव्हीनचा लोहाचा घटक, ३० टक्क्यांच्या आसपास ठरलेलं. धातू जवळपास नाही, आणि मॅग्नेटाइटमध्ये क्रोमियम. सीव्ही३ मध्ये उलट: एका गोळीत ऑलिव्हीन जवळजवळ लोहाविना, शेजारच्या दाण्यात चाळीस टक्के. हा असमतोल हीच न तापल्याची खूण.

पांढऱ्या तुकड्यांचा एक जवळून फोटो द्याल का? त्यात भरड स्फटिकांचा, मेलिलाइट-स्पिनेल-पायरोक्सीनचा, ज्याला बी प्रकार म्हणतात तसा तुकडा असेल तर माझं मत सीव्हीकडे झुकेल. असे तुकडे प्रामुख्याने सीव्हीतच मिळतात.

आणि सर, तुमची हरकत नसेल तर चकतीच्या कडेचा एक कण, तांदळाच्या दाण्याएवढा, मला द्या. मी जिथे काम करते तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब, म्हणजे एकेका बारीक दाण्याची रासायनिक घडण मोजणारं यंत्र, आहे आणि माझ्या वाट्याचा वेळ शिल्लक आहे. चकती कापायला मन धजावणार नाही, मला ठाऊक आहे.

---

सड्यावरचा · १७ जुलै, सकाळी ६.५५

रात्रभर विचार केला. चकती मुलांची आहे म्हणून मुलांनाच विचारलं. सगळ्यांनी हात वर केले. रविवारी फोंड्याला येतो.

---

सूक्ष्मदर्शक_कुडचडे · १७ जुलै, दुपारी १२.१०

ताई, मायक्रोप्रोबवर चढवण्याआधी, कार्बनचा थर देण्याआधी, तो कण मला एक दिवस द्या. परावर्तित प्रकाशात पाहायचा आहे. कारण पुढचा प्रश्न मला आत्ताच दिसतो आहे.

सीव्ही ठरला तरी सीव्हीच्या आत तीन घरं आहेत. विगारानो, एफ्रेमोव्का या अशनींचं एक, त्यात धातू बऱ्यापैकी आणि मॅग्नेटाइट कमी. मग ऑक्सिजनने भाजलेली म्हणजे ऑक्सिडाइज्ड दोन: आयेंदे या अशनीचं आणि बाली या अशनीचं. तिथे मॅग्नेटाइट जास्त, धातू थोडा आणि तोही निकेलने भरलेला. मॅक्‌स्वीन यांनी १९७७ साली धातू आणि मॅग्नेटाइट यांच्या प्रमाणावरून भाजलेले आणि न भाजलेले अशी दोन भागांची वाटणी मांडली, भाजलेल्यांची दोन घरं नंतर झाली. पण हा दगड वाळवंटात पडून गंजला आहे. मूळचा धातू गंजून गेला असेल तर धातू कमी भरणार, आणि आपण भाबडेपणाने त्याला ऑक्सिडाइज्ड म्हणून मोकळे होणार. गंजाचे ९ बिंदू पूर्वी काय होते, हे ठरवल्याशिवाय मी सही करणार नाही.

---

फोंड्याची_तारका · २६ जुलै, रात्री ९.३०

निकाल. काकांचा भाग काका लिहितील, मी आकड्यांपुरतं लिहिते.

गोळ्यांतल्या ऑलिव्हीनचे ४६ बिंदू घेतले. फायालाइट ०.५ ते ४१ टक्के, बहुतेक ५ च्या खाली. आधारकातलं ऑलिव्हीन बारीक, पातळ पानांसारखं, फायालाइट ४७ ते ५२. गोळ्या बहुतांश सुबक ऑलिव्हीन दाण्यांच्या, कमी लोहाच्या. मॅग्नेटाइट भरपूर. धातूचे सापडलेले चार कण, चारही निकेलने भरलेले, सत्तर टक्क्यांच्या आसपास निकेल, म्हणजे अवारुइट. सल्फाइडमध्ये पेंटलँडाइट. पांढऱ्या तुकड्याच्या कडेला मेलिलाइटची जागा नेफेलीन आणि सोडालाइटने घेतलेली.

ऑलिव्हीन एवढं असमान असताना सीके म्हणता येत नाही. मी सीव्ही३, ऑक्सिडाइज्ड, आयेंदेच्या घरातला म्हणते. पाणीदार चिकण-खनिजं मला दिसली नाहीत, आणि आधारकात शुद्ध फायालाइटचे दाणेही नाहीत, म्हणून बालीचं घर नाही.

---

सूक्ष्मदर्शक_कुडचडे · २७ जुलै, सकाळी ८.००

कण भिंगाखाली ठेवला आणि तासभर उठलो नाही.

गंज म्हणजे गोएथाइट, आपल्या चिऱ्यांतला तोच. करडा, आणि कडेला आतून लालसर तपकिरी उजेड. तो भेगांतून आला आहे आणि काही ठिकाणी गोल ठिपक्यांची जागा त्याने घेतली आहे. हे ठिपके पूर्वी धातू होते, मला शंका नाही. म्हणजे धातू आपण मोजला त्याहून जास्त होता.

आता दुसरी बाजू. गोळ्यांच्या पोटात, भेगांपासून दूर, गोल गाठी आहेत. त्यांत मॅग्नेटाइट, त्याला चिकटून पेंटलँडाइट आणि मधे अवारुइटचा पांढराशुभ्र ठिपका. मॅग्नेटाइट एकसारखा करडा, आडव्या निकोलखाली, म्हणजे दोन ध्रुवक काटकोनात लावल्यावर, काळाच राहतो, कुठेही हेमाटाइट झालेला नाही. आपल्या खाणीतला मॅग्नेटाइट हवापाण्याने हेमाटाइट होताना ज्या रेषा सोडतो, त्या मी हजारो वेळा पाहिल्या आहेत. इथे एकही नाही. हा मॅग्नेटाइट वाळवंटात झालेला नाही, वरूनच आला आहे.

म्हणून ऑक्सिडाइज्ड हे मान्य. आयेंदेचं घर हेही मान्य, पण धातू-मॅग्नेटाइटचं प्रमाण आकड्यात द्यायला माझा विरोध आहे. गंजाने तो आकडा बिघडवला आहे. गाठींचं वर्णन द्या, प्रमाण देऊ नका.

---

फोंड्याची_तारका · २७ जुलै, सकाळी ८.४५

पटलं. प्रमाण काढून टाकते. ३ च्या पुढचा दशांशही लिहीत नाही. त्यासाठी कार्बनी पदार्थाचा रामन वर्णपट लागतो, तो केलेला नाही.

---

पहिलं_वर्ष_बीएस्सी · २७ जुलै, दुपारी ३.२०

एवढं सगळं कळलं तर मग अधिकृत नाव का मिळवू नये?

---

फोंड्याची_तारका · २७ जुलै, रात्री ९.१०

मिळू शकतं, पण त्याला वाट ठरलेली आहे. मीटिऑरिटिकल सोसायटीची नामकरण समिती असते, तिच्याकडे वर्गीकरण पाठवायचं. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेत नमुना कायमचा ठेवावा लागतो, २० ग्रॅम किंवा एकूण वजनाचे २० टक्के, यांतलं जे कमी असेल ते. ११.४ ग्रॅमचे २० टक्के म्हणजे जवळजवळ २.३ ग्रॅम. शिवाय हा कोणत्या मोठ्या दगडातून कापला, त्याचे भाऊबंद कुणाकडे आहेत, त्यांना आधीच क्रमांक मिळाला आहे का, हे विक्रेत्याकडून कळायला हवं. आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं मोजमाप असेल तर उत्तम. पृथ्वीवरचे दगड ऑक्सिजनच्या आलेखावर ०.५२ उताराच्या रेषेवर पडतात. आयेंदेचे पांढरे तुकडे जवळजवळ १ उताराच्या रेषेवर पडले, हे क्लेटन आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली दाखवलं. तो आलेख वर्गात नक्की काढा, सर.

आणि एक सांगायचं राहिलं. वैश्विक पदार्थाचा अभ्यास गोव्याला नवा नाही. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हिंदी महासागराच्या तळगाळातून चुंबकाने वेचलेल्या वैश्विक गोळुल्यांवर कित्येक वर्षं काम झालं आहे. वातावरणात वितळलेले हे कण पुष्कळदा कार्बनी कॉन्ड्राइटसारख्याच पदार्थाचे असतात. मुलींना हे जरूर सांगा. मांडवी ओलांडली की झालं.

---

सड्यावरचा · २९ जुलै, रात्री १०.००

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं की चिठ्ठ्या भरताना अदलाबदल झाली असावी. मूळ दगडाचा पत्ता त्याच्याकडेही नाही. अधिकृत नावाचा विचार सोडला.

नवी चिठ्ठी मुलीनेच लिहिली. तशीच देतो:

'कार्बनी कॉन्ड्राइट. आमचं वर्गीकरण: सीव्ही३, ऑक्सिडाइज्ड, आयेंदेच्या घरातला. नोंदणी नाही. ऑक्सिजन समस्थानिक मोजलेले नाहीत. गोळ्या सरासरी ०.८३ मिमी (२१२ मोजल्या). आधारक ३८ टक्के, पांढरे तुकडे ८ टक्के (४०० बिंदू). ऑलिव्हीन असमान. गाठींत मॅग्नेटाइट, पेंटलँडाइट, अवारुइट. भेगांत गोएथाइट, तो पृथ्वीवरचा. पूर्वीच्या चिठ्ठीत सीओ३ होतं, ती चिठ्ठी डब्यात मागे ठेवली आहे.'

जुनी चिठ्ठी टाकू नये हे तिचंच म्हणणं. पुढे कुणी आमचं तपासायला बसलं तर त्याला सगळं दिसायला हवं म्हणाली.

तिचा एक प्रश्न राहिला आहे. तिसऱ्या चौकटीत, डाव्या कोपऱ्यात, १.६ मिलिमीटरची एक गोळी आहे. आत समांतर पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांना बाहेरून त्याच दिशेचं जाड कवच. पण एका बाजूला पट्ट्यांची दिशा अचानक बदलते. दोन थेंब एकमेकांवर आदळून चिकटले असतील का?

---

सूक्ष्मदर्शक_कुडचडे · २९ जुलै, रात्री १०.२५

शक्य आहे, अशा जोडगोळ्या असतात. पण एकाच थेंबात दोन ठिकाणी स्फटिक सुरू झाले तरी असंच दिसतं. दोन भागांच्या मधे शिवण आहे का ते पाहायला हवं. शिवणीवर एक भाग दुसऱ्यात खळगा पाडून बसला असेल तर आदळले. घासलेल्या चकतीवर हे नीट कळत नाही, थिन सेक्शन लागेल. ताई, त्या कणातला काही भाग उरला आहे का?

---

फोंड्याची_तारका · २९ जुलै, रात्री १०.४०

कण दुसऱ्या कडेचा आहे काका, त्यात ही गोळी नाही. पण माझ्याकडे तिरप्या उजेडात फोटो घेण्याची सोय आहे. सर, चवथीच्या सुट्टीत चकती आणि मुलगी, दोघांना घेऊन या.